वडगावच्या सोप्यातला काळवंडलेला टीव्ही : एक प्रकरण अभ्यास

गौरी-गणपती होऊन तीन आठवडे झाले असतील, तेव्हा बेळगावच्या वडगाव भागातल्या एका विणकर कुटुंबातून मला फोन आला. बोलत होत्या सूनबाई, पण मागून त्यांच्या सासूबाईंचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता : "रात्रीच्या शिनात माणसं वळखू येईनात म्हणून सांग की." सेट ४३ इंची, फोर-के जातीचा, घेऊन दोन वर्षेही पुरी झालेली नव्हती. आवाज ठीक होता, चित्र येत होते, सेट मध्येच बंद पडत नव्हता. फक्त सगळे काळवंडल्यासारखे दिसत होते. आदल्या आठवड्यात येऊन गेलेल्या एका मेकॅनिकने पडद्यामागच्या एलईडी पट्ट्या उतरल्याचे सांगून साडेचार हजारांचा खर्च काढला होता आणि सेट दुकानात न्यावा लागेल असे बजावले होते. घरच्यांना खर्चापेक्षा सेट फुटण्याची धास्ती जास्त होती, आणि ती रास्तच होती.

हे प्रकरण मी सविस्तर लिहून ठेवतो आहे, याचे कारण असे की त्यात पट्ट्यांचा काहीही दोष नव्हता आणि तरीही चित्र खरोखर अंधारलेले होते. एकाच तक्रारीखाली चार निरनिराळी कारणे एकावर एक चढून बसली होती, आणि त्यांपैकी तीन कारणे घरच्या माणसांनी विचार करून, चांगल्या हेतूने केलेल्या गोष्टींतून आलेली होती.

फोनवर मी तीनच गोष्टी विचारल्या. हे कधीपासून आहे, दिवसा जास्त की रात्री, आणि सगळीकडे सारखेच आहे की काही ठिकाणी जास्त. सूनबाईंनी नीट आठवून उत्तरे दिली. सणाच्या आधी इतके नव्हते. दुपारी बरे दिसते, दिवेलागणीनंतर बिघडते. केबलच्या बॉक्सवर मालिका त्यातल्या त्यात दिसतात, इंटरनेटवरच्या नव्या सिनेमांत फार अंधार असतो, आणि मुलगा लॅपटॉप जोडतो तेव्हा सावलीतले तर काहीच कळत नाही. ही उत्तरे ऐकल्यावरच पट्ट्यांविषयी मला शंका आली. पडद्यामागचा उजेड खरोखर गेला असता तर त्याने केबल, सिनेमा आणि लॅपटॉप असा भेद केला नसता. तो सगळ्यांना सारखाच कमी पडला असता. सेटला कोणी हात लावू नये असे सांगून मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला गेलो. दुपारी वेळ होता, पण तक्रार ज्या वेळेची आहे त्याच वेळी सेट पाहिला पाहिजे, हा माझा जुना नेम आहे.

घर या भागातल्या इतर घरांसारखे लांबट, मागच्या बाजूला दोन पॉवरलूम, मध्ये स्वयंपाकघर आणि पुढच्या सोप्यात लाकडी शोकेसवर टीव्ही. घरातले कर्ते आजोबा, ज्यांना मी वयाच्या मानाने मामा म्हणतो, त्यांनी आपले अनुमान आधीच तयार ठेवले होते. माग सुरू झाले की सोप्यातला पिवळा बल्ब मंदावतो, त्या अर्थी टीव्हीलाही व्होल्टेज कमी पडत असणार, असे त्यांचे म्हणणे. हे अनुमान वरवर पटण्यासारखे आहे, म्हणून मी ते मोडीत न काढता मीटर लावून पाहिला. माग बंद असताना २२१ आणि दोन्ही माग चालू असताना २०४ व्होल्ट भरले. बल्बची तार मिळेल तेवढ्या दाबावर पेटते, त्यामुळे एवढा फरक डोळ्यांना दिसतो. या सेटच्या पाठीवरच्या लेबलवर मात्र १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले होते. आजच्या टीव्हीचा वीजपुरवठा येणारा दाब आतल्या आत सावरून घेतो आणि पट्ट्यांना ठरलेला करंट देत राहतो, म्हणून २०४ व्होल्टवर चित्र रेसभरही मंदावत नाही. मामांनी स्वतः माग चालू-बंद करवून खात्री करून घेतली, तेव्हा तो मुद्दा मिटला.

त्यानंतर पट्ट्यांची तपासणी. माझ्या पिशवीत एक पेन ड्राइव्ह असतो आणि त्यात काही साधी चित्रे असतात : एक संपूर्ण पांढरे, एक संपूर्ण काळे, एक काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सोळा पायऱ्यांचे, आणि एक असे की ज्यात काळ्याला लागून असलेल्या गडद राखाडी पट्ट्या आहेत. टीव्हीच्याच प्लेअरमधून ती दाखवली म्हणजे बॉक्स, केबल आणि वायर यांचा प्रश्न उरत नाही. पांढरे चित्र या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एकसारखे होते. कुठे आडवा काळा पट्टा नव्हता, कुठे पांढरे ठिपके नव्हते, कुठे निळसर-जांभळी झाक नव्हती.

या तीन खुणांना फार महत्त्व आहे. पट्टीवरचे एलईडी एकामागून एक माळेसारखे जोडलेले असतात, त्यामुळे त्यातला एक जळून प्रवाह तुटला की सबंध माळ विझते, आणि मग एकतर पडद्याचा तेवढा भाग काळोखतो किंवा सेटचे संरक्षण सगळा उजेड बंद करते. अशा वेळी आवाज येत राहतो, आणि खोलीतला दिवा मालवून टॉर्च पडद्यावर तिरकी धरली तर आत चित्र हलताना पुसट दिसते. एलईडीवरचे भिंग सुटून पडले तर पांढरे ठिपके दिसतात, आणि जास्त करंटवर वर्षानुवर्षे जळून पिवळा फॉस्फर (एलईडीच्या निळ्या उजेडाला पांढरे करणारा लेप) संपत आला तर उजेड निळा-जांभळा होत जातो. यातले काहीच येथे नव्हते. पट्ट्या शाबूत होत्या. त्यांना मंद जळण्याचा हुकूम मिळत होता.

हा फरक ओळखल्याशिवाय सेट उघडणे मला मान्य नाही. पट्ट्यांपर्यंत पोहोचायचे तर ४३ इंची काच हाताने उचलावी लागते. तिच्या कडेला कागदासारख्या पातळ फिती चिकटवलेल्या असतात, आणि त्यातली एक जरी ताणली गेली तरी पडद्यावर उभी रेघ येते, जी पुन्हा जात नाही. पसरणीच्या पांढऱ्या पापुद्र्यांत धूळ शिरली तर डाग कायमचा राहतो. ज्या घरात कापसाचे तंतू दिवसभर हवेत उडतात, त्या घरातला चांगला चालणारा सेट विनाकारण उघडणे म्हणजे केवढे नुकसान ओढवून घेणे झाले असते, हे मी मामांना स्पष्ट सांगितले.

आता हुकूम कुठून येतो ते शोधायचे होते. मी सेटचा प्लग माझ्या वॅटमीटरवर लावला. एलईडी टीव्हीत बहुतेक वीज पडद्यामागच्या उजेडातच खर्च होते, म्हणून पांढरे चित्र स्थिर ठेवले की वॅटचा आकडा पाहून उजेड वाढला की घटला हे कळते. डोळा फसतो, पण आकडा फसत नाही. मीटरने ३८ वॅट दाखवले. या आकाराच्या सेटला पूर्ण पांढऱ्या चित्रावर हे फारच कमी होते.

मेनू उघडायला मी रिमोट हातात घेतला. पहिल्यांदा बटण दाबले, काही झाले नाही. दुसऱ्यांदा दाबले, तरी नाही. तिसऱ्यांदा रिमोट थोडा खाली धरून दाबल्यावर मेनू आला. मामी, म्हणजे फोनवर मागून बोलणाऱ्या सासूबाई, म्हणाल्या, "सेल नवेच हायत, परवाच घातलेत. त्येला असं खालनं दाखवायला लागतंय." हे त्यांनी सहज सांगितले, पण या प्रकरणाची किल्ली त्या वाक्यात होती. मी उठून सेटच्या खालच्या कडेजवळ गेलो. शोकेसच्या फळीवर, गौरीच्या आराशीसाठी अंथरलेला, घरच्याच मागावरचा हिरव्या साडीचा एक तुकडा होता. सण झाल्यावर तो छान दिसतो म्हणून तसाच ठेवलेला होता, आणि त्याचा बोटभर रुंद जरीकाठ टीव्हीच्या खालच्या कडेवर चढवून नीट दुमडून बसवला होता. त्या काठाच्या बरोबर मागे, निर्मात्याच्या नावाखाली, काळ्या प्लॅस्टिकची नखाएवढी खिडकी होती. रिमोटचा किरण घेणारा डोळा त्याच खिडकीत असतो, आणि खोलीत उजेड किती आहे हे मोजणारा सेन्सरही तेथेच असतो.

मी मीटरकडे बघायला नातीला बसवले आणि काठ खाली ओढला. आकडा ३८ वरून ४२, ४७ असा चढत दोन-तीन सेकंदांत ५५ वर जाऊन थांबला. काठ पुन्हा वर चढवला, तो उतरून ३८ वर आला. हे आम्ही चार वेळा केले आणि चारही वेळा तसेच घडले. काठाखाली झाकलेल्या सेन्सरला सोपा अंधारा वाटत होता, आणि अंधाऱ्या खोलीत डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून सेट आपला उजेड कमी करत होता. दुपारी पश्चिमेच्या दारातून ऊन आत येई तेव्हा जरीतूनही थोडा उजेड झिरपत असे, म्हणून दुपारी चित्र बरे आणि संध्याकाळी वाईट. रिमोटची कुरबूर आणि चित्राचा अंधार या दोन तक्रारी घरात वेगवेगळ्या मानल्या गेल्या होत्या. दोहोंचे मूळ एकच होते.

पण ५५ वॅटही कमीच होते, त्यामुळे शोध संपला नव्हता. सेटचा मेनू कन्नडमध्ये होता. बसवायला आलेल्या माणसाने तशी भाषा निवडली होती आणि ती बदलावी असे कोणाला सुचले नव्हते. मामा-मामी मराठी शाळेत शिकलेले. कन्नड दोघेही सफाईने बोलतात, पण वाचताना अडखळतात. नात शाळेत कन्नड शिकते, तिने एकेक ओळ वाचून दाखवायला सुरुवात केली. "उळिताय" हा शब्द आला तसे मामा म्हणाले, "ते मीच चालू केलंय." बँकेच्या पासबुकावर बचत खात्याला उळिताय खाते असेच छापलेले असते, त्यामुळे तो शब्द त्यांच्या ओळखीचा. विजेची बचत करणारे काही दिसले म्हणून त्यांनी ते सगळ्यात वरच्या पायरीवर नेऊन ठेवले होते.

त्यामागे हिशेब होता. कर्नाटकात २०२३ साली सुरू झालेल्या गृहज्योती योजनेत घरगुती ग्राहकाला योजनेआधीच्या वर्षाच्या सरासरी वापरावर काही ठरावीक वाढ धरून, जास्तीत जास्त २०० युनिटपर्यंत वीज मोफत मिळते. ठरलेल्या युनिटांवर गेले तर वरच्याचे पैसे पडतात, आणि २०० ओलांडले तर सगळेच बिल भरावे लागते. मागांचे मीटर वेगळे असले तरी घरच्या मीटरवर मामांची बारीक नजर असते, आणि ती असलीच पाहिजे. म्हणून मी बचत नुसती बंद करून मोकळा झालो नाही. बचत बंद करून बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, शंभरपैकी ८० वर ठेवला, तेव्हा पांढऱ्या चित्रावर मीटर ८४ वॅटला स्थिरावला. आधीच्या ३८ शी तुलना केली तर फरक ४६ वॅटचा. रोज पाच तास टीव्ही चालतो असे धरले तर महिन्याला सात युनिटांच्या आत. मामांनी तो हिशेब स्वतः कागदावर मांडला, मागच्या बिलावरची युनिटे पाहिली आणि म्हणाले की एवढे बसते. मग कुटुंबाच्या संमतीने मेनू मराठीत केला.

यानंतर ब्राइटनेसची गोष्ट येते, आणि ती मला थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण या एका शब्दामुळे मी अनेक घरांत चांगली चित्रे बिघडलेली पाहिली आहेत. मामांनी अंधारावर उपाय म्हणून ब्राइटनेस ८५ वर नेला होता. त्यांची सवय पिक्चर ट्यूबच्या काळातली. १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू झाले त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे आपण सगळ्यांनी तेच केले. ब्राइटनेस वाढवला की ट्यूबमधला किरणच जोर धरायचा, आणि तेवढ्याने भागले नाही तर मेकॅनिक मागचे झाकण काढून ईएचटीवरचा (ट्यूबला उच्च दाब देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा) स्क्रीनचा स्क्रू थोडा फिरवायचा. आजच्या पुष्कळ सेटांत ब्राइटनेस नावाची पट्टी पडद्यामागच्या उजेडाला हातही लावत नाही. काळे किती काळे असावे एवढेच ती ठरवते. ती वाढवली की पांढरे आहे तेथेच राहते, काळे तेवढे राखाडी होते, आणि चित्रावर धुके आल्यासारखे वाटते. या सेटवर सिनेमाच्या वरखालच्या काळ्या पट्ट्या चुलीतल्या राखेच्या रंगाच्या दिसत होत्या, आणि माणसांचे चेहरे अंधारलेलेही होते आणि फिकेही.

अडचण अशी की सगळे निर्माते हा शब्द एकाच अर्थाने वापरत नाहीत. काही नव्या सेटांत ब्राइटनेस म्हणजेच पडद्यामागचा उजेड असतो आणि काळ्याची पट्टी ब्लॅक लेव्हल या नावाने वेगळी असते. म्हणून नावावर विश्वास न ठेवता पांढरे चित्र लावून पट्टी हलवून पाहावी. पांढरे वाढले तर ती उजेडाची पट्टी आहे, पांढरे जागचे हलले नाही तर ती काळ्याची. मामांच्या सेटवर ती काळ्याची निघाली. गडद राखाडी पट्ट्यांचे चित्र लावून, शुद्ध काळ्यालगतची पहिली पट्टी नुसती दिसू लागेल इतपत, ब्राइटनेस ८५ वरून ५१ वर आणला. उजेड आता बॅकलाइट देत होता, त्यामुळे काळे काळे राहूनही चेहरे उजळ झाले. केबलवरची मालिका लावली तेव्हा मामी पुढे सरकून बसल्या होत्या त्या मागे टेकून बसल्या.

इंटरनेटवरच्या सिनेमाने मात्र पुन्हा अंधार केला. सिनेमा सुरू होताच कोपऱ्यात एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज, म्हणजे उजेड-सावलीचा मोठा पल्ला असलेले चित्र) अशी अक्षरे उमटली, आणि त्याच क्षणी चित्राची सगळी मांडणी सेटने आपोआप बदलली. एचडीआरसाठी सेट वेगळी सेटिंग लक्षात ठेवतो, म्हणून साध्या चित्रावर केलेली दुरुस्ती तेथे लागू होत नाही. अनेकांना हे माहीत नसल्यामुळे केलेले काम वाया गेले असे वाटते. मूळ कारण त्याहून खोल आहे. साध्या चित्राचा संकेत सापेक्ष असतो, म्हणजे सेटजवळ जेवढा उजेड असेल तेवढ्यात तो चित्र बसवतो. एचडीआरसाठी २०१४ मध्ये ठरलेल्या मानकात प्रत्येक ठिपक्याची तेजस्विता निट या मापात थेट सांगितलेली असते, आणि तीही अंधाऱ्या खोलीत बसून पाहणाऱ्याला गृहीत धरून. पुष्कळ सिनेमे १००० निटच्या पडद्यावर तपासून तयार होतात. स्वस्तातले फोर-के सेट एचडीआर स्वीकारतात, पण त्यांचा कमाल उजेड साधारण ३०० निटांच्या आसपास असतो. मग अति तेजस्वी भाग वाचवण्यासाठी सेट सगळे चित्र खाली दाबतो, आणि ट्यूबलाइट लावलेल्या सोप्यात सावलीतले सगळे हरवते. खोक्यावर एचडीआर छापले म्हणजे चित्र अधिक उजळ दिसेल असे गिऱ्हाइकाला वाटते. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला हा अंधार येतो, याचे मला वाईट वाटते.

येथे जे शक्य होते ते केले. सिनेमा चालू असतानाच मेनू उघडून सिनेमा मोडऐवजी स्टँडर्ड मोड निवडला, बॅकलाइट पूर्ण वाढवला, आणि दृश्यागणिक उजेडाची वाटणी करणारे डायनॅमिक टोन मॅपिंग बंद होते ते चालू केले. टीव्हीच्या समोर पडणारी ट्यूब बंद करून बाजूचा छोटा दिवा लावायला सांगितले. चित्र पुष्कळ सुधारले, तरी दिवसाच्या दृश्यांइतके नाही, आणि तसे होणार नाही हेही मी सांगून ठेवले.

लॅपटॉपचे काम पाच मिनिटांचे निघाले. नातवाने कुठेतरी वाचून टीव्हीच्या मेनूत लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टचा ब्लॅक लेव्हल, म्हणजे येथे काळ्या-पांढऱ्याच्या मोजणीचा पल्ला, लिमिटेड करून ठेवला होता. टीव्हीच्या जगात काळे १६ पासून आणि पांढरे २३५ पर्यंत मोजतात, संगणक मात्र ० पासून २५५ पर्यंत मोजतो. सेटला १६ हे काळे वाटत असल्यामुळे लॅपटॉपने पाठवलेल्या १६ पर्यंतच्या सगळ्या छटा तो एकाच काळ्यात बुडवत होता. त्या एका पोर्टला फुल केले, आणि सावलीतली अक्षरे वर आली. केबल बॉक्सच्या पोर्टला हात लावला नाही, कारण बॉक्स १६ पासूनच पाठवतो आणि तेथे फुल केले असते तर उलट धुके आले असते.

निघताना मामांनी एक गोष्ट विचारली, जी मी माझ्या कामाचा भाग मानतो. नातवाला पूर्वीही फारसा अंधार वाटत नव्हता, मग त्यांनाच का वाटत होता? वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळट होते आणि बाहुली कमी उघडते. मंद उजेडात साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. मी त्यांना पांढऱ्या चित्राकडे एकेक डोळा झाकून पाहायला सांगितले. उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले होते, त्याला पांढरे पांढरे दिसले. डाव्याला ते जुन्या धोतरासारखे पिवळट दिसले.

दिवाळीत त्या बाजूला गेलो असताना मी डोकावून आलो. जरीकाठाचा तुकडा आता फळीच्या पुढच्या कडेवरून खाली सोडलेला होता आणि सेन्सरची खिडकी उघडी होती. रिमोट स्वयंपाकघराच्या दारातून चालत होता. बिल पाच युनिटांनी वाढले होते. रात्रीचा एक सिनेमा अजून गडदच दिसतो अशी सूनबाईंची तक्रार होती; तो लावून पाहिला, तर काळे, राखाडी सगळे जागच्या जागी होते, तो चित्रितच तसा केलेला होता. मामा घरी नव्हते. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती, त्याआधीच्या तपासणीला ते मुलाबरोबर गेले होते.